एक लांब, दोन आखूड

वारा सुटला की पुंता अरेनासमध्ये
कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
तो दोर धरत धरत मी पोचले.
खिशात स्क्रूड्रायव्हर, खोडरबर, जुना टूथब्रश
आणि डोक्यात एवढंच, की म्हाताऱ्याची वायर सुटली असणार.

वायर सुटली नव्हती.
दोन्ही टोकं काढून पुन्हा लावली,
त्याच प्लगवर टेबललॅम्प लावून पाहिला. लख्ख.
बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा ठिपका लागला,
स्क्रीन मात्र ढिम्म काळी,
आणि पेटीच्या पोटातून कुणी कण्हावं तसं
एक लांब, दोन आखूड.
जरा थांबून पुन्हा
एक लांब, दोन आखूड.

"डी," सेन्योर मान्सिल्या म्हणाले.
एकतीस वर्षं सामुद्रधुनीच्या रेडिओ केंद्रात
मोर्सच्या किल्लीवर बोट ठेवून बसलेला माणूस.
"मंगळवारपासून डी म्हणतोय.
मी म्हटलं, बरं, पुढे? तर पुन्हा डी."
"आज शुक्रवार आहे," मी म्हणाले.
"रात्री बंद करायचो. पण झोप लागेना.
कुणीतरी हाक मारतंय आणि आपण पांघरुणात."

मी समजावलं: ही मदरबोर्डची खूण असते.
एक लांब, दोन आखूड, म्हणजे डिस्प्ले कार्ड नीट बसलेलं नाही.
त्यांनी मान हलवली,
पाद्र्यापुढे हलवतात तशी.

पेटी उघडली. आत स्टोव्हची काजळी,
मांजराचे केस (मांजर जाऊन दोन वर्षं झाली),
आणि एक वाळका घेवड्याचा दाणा,
तो कसा गेला आत, देव जाणे.
आधी लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली,
मग कार्ड उपसलं. त्याचे सोनेरी दात काळे पडलेले.
चुकलेलं गणित खोडावं तसं
खोडरबरानं घासत बसले.

टॉर्च त्यांच्या हातात. उजेड भलतीकडेच.
"एकदा एका मासेमारी बोटीवरून
रात्रभर एकच अक्षर येत होतं," ते म्हणाले,
"पोराची बोटं गारठली होती, दुसरं जमत नव्हतं."
"सापडली का बोट?"
"उजेड नीट पडतोय ना?" त्यांनी विचारलं.

कार्ड लावलं. बटण.
एक लांब, दोन आखूड.
रॅम काढली, घासली, लावली. तरी तेच.
मी वैतागून पेटीला एक शिवी दिली,
ते मात्र कानात प्राण आणून ऐकत होते, दरवेळी नव्यानं.
शेवटी कार्डावर दोन्ही अंगठे ठेवून रेटलं,
आणि कुठेतरी खोल कट् झालं.

बटण.
पंखा. हिरवा ठिपका.
एकच टिंब.
इतकं आखूड की वाऱ्यात हरवलं असतं.

"ई," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसलेच.
"डी, ई. अगं, हे तर 'कडून'!
आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव,
मग डी ई, मग आपलं.
चार दिवस अडकला होता बिचारा त्या एका शब्दात."

स्क्रीनवर निळा उजेड आला,
मधोमध एक रिकामी चौकट,
तिच्यात उभी रेघ, लुकलुकणारी.
ते वाट बघत राहिले. मीही, थोडा वेळ.
"आता नाव सांगेल," ते म्हणाले.
"नाव तुम्ही घालायचं असतं," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला.
मग एकाच बोटानं, पण अगदी लयीत,
सुरुवात केली.

घरी येताना दोर दोन्ही हातांनी धरावा लागला.
स्क्रूड्रायव्हर तिथेच राहिला,
आणि खिशात त्या पेटीचा एक स्क्रू निघाला.
कुठला, काही केल्या आठवेना.